रॅकमधला घरगुती कॉम्प्युटर: हे नक्की काय उचलून आणलंय मी?

खटपट्या
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

गेल्या शनिवारी केंब्रिजच्या उत्तरेला एका खेड्यात जुन्या सामानाची विक्री होती. इथे घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं गॅरेज उघडतात आणि सगळं अंगणात मांडून ठेवतात. मी बायकोच्या सांगण्यावरून बागेतल्या खुर्च्या आणायला गेलो होतो. आणलं हे. खुर्च्यांबद्दल अजून ऐकतोय.

तर वस्तू अशी: १९ इंची ॲल्युमिनियमची चौकट, पुढे दोन हँडल, आणि आत ब्रेडच्या कापांसारखी उभी लावलेली सात कार्डं. सगळी एकाच मापाची, १०० बाय १६० मिलिमीटर. सहा कार्डांवर एकॉर्न या इथल्या जुन्या कॉम्प्युटर कंपनीचं नाव छापलंय. प्रोसेसर ६५०२. एका कार्डावर मुलार्डचा एसएए ५०५०, म्हणजे टेलिटेक्स्टवाला, टीव्हीवर अक्षरं काढणारा आयसी. एक कार्ड २११४ रॅमने गच्च भरलेलं, एकावर इंटेलचा ८२७१, म्हणजे फ्लॉपी चालवणारा आयसी. कीबोर्ड वेगळा, पत्र्याच्या खोक्यात. फ्लॉपी ड्राइव्ह नाहीत, केबल मात्र लोंबतेय.

सातवं कार्ड सगळ्यात विचित्र. त्यावर कसलंच नाव नाही. हाताने तारा गुंडाळून केलेलं, आठ रिले (विजेने चालू-बंद होणारे स्विच), एक ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवून ठेवणारी चिप), आणि कडेला पेन्सिलीने लिहिलंय "टी-२". विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "वडील भौतिकशास्त्र शिकवायचे, घरी याच्यावर काहीतरी करत बसायचे." गर्दी होती, जास्त बोलणं झालं नाही.

हे काय आहे, याला घरगुती कॉम्प्युटर म्हणायचं का, आणि वीज लावू का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लवकर द्या, हात शिवशिवतायत.

रेझिस्टरराव
वीज लावू नका.

माजघर
वाचतेय. खुर्च्यांचं काय झालं?

सॉकेट_पुणे
आधी ओळख पटवू. एकॉर्न सिस्टीम मालिकेतलं यंत्र आहे, शंका नको. १९७९ साली एकॉर्नने पहिलं यंत्र काढलं ते पुढे सिस्टीम १ या नावाने ओळखलं गेलं: दोन कार्डं, सोळा अंकी पद्धतीचा कीपॅड, कॅल्क्युलेटरसारखे लाल आकडे, किंमत सुमारे ८० पाउंड. पडदा नाही, बेसिक (प्रोग्रॅम लिहायची सोपी भाषा) नाही. १९८० च्या सिस्टीम २ मध्ये तेच प्रोसेसर कार्ड १९ इंची रॅकमध्ये बसवलं आणि सोबत कीबोर्ड, टीव्हीवर अक्षरं दाखवणारं कार्ड आणि बेसिक दिलं. सिस्टीम ३ मध्ये फ्लॉपी आली, ४ मध्ये पेटी मोठी झाली आणि दुसरी ड्राइव्ह बसली, ५ मध्ये प्रोसेसर २ मेगाहर्ट्झचा झाला.

तुमच्याकडे ८२७१ आहे म्हणजे निदान ३. पण रॅकच्या यंत्रांची गंमत अशी की कार्डं बदलता येतात, त्यामुळे "मूळ मॉडेल कोणतं" हा प्रश्न बऱ्याचदा आजोबांच्या कुऱ्हाडीसारखा असतो. दांडा तीनदा बदलला, पातं दोनदा, कुऱ्हाड तीच.

गावरान_चिप
लई भारी गड्या. फोटू टाक की.

खटपट्या
फोटो रात्री टाकतो. @सॉकेट, प्रोसेसरजवळचा क्रिस्टल १ मेगाहर्ट्झचा आहे.
@माजघर, खुर्च्या दुसऱ्याने नेल्या.

पुस्तकी_किडा
जरा वेगळं मत मांडतो. याला घरगुती कॉम्प्युटर म्हणणं मला पटत नाही. घरगुती म्हणजे स्पेक्ट्रम, कमोडोर ६४. डब्यातून काढा, टीव्हीला जोडा, पोरं खेळायला बसली पाहिजेत. स्पेक्ट्रम १९८२ साली १२५ पाउंडांना मिळत होता तो त्याचसाठी. हे प्रयोगशाळेचं यंत्र आहे. एकॉर्नने रॅक केला तो इंजिनिअर आणि लॅबवाल्यांसाठी. स्वयंपाकघरात लेथ मशीन ठेवलं तर ते काही मिक्सर होत नाही.

सॉकेट_पुणे
किडाभाऊ, १९८० मध्ये ही रेघ इतकी ठळक नव्हती. पुढचा दुवा बघा. एकॉर्न ॲटम आला, किट घेतलं तर १२० पाउंड, जोडलेला १७० पाउंड. तो तर निर्विवाद घरगुती ना? ॲटम म्हणजे सिस्टीम ३ मधून फ्लॉपी काढून, कॅसेटची सोय आणि कीबोर्ड एकाच खोक्यात कोंबून केलेलं यंत्र. म्हणजे रॅक हा काका आणि ॲटम पुतण्या.

पुस्तकी_किडा
पुतण्या डॉक्टर झाला म्हणून काकाकडे इंजेक्शन घ्यायला जात नाही कोणी.

गावरान_चिप
आमच्याकडं जात्यात.

निवृत्त_रिले
मी टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं काढली, म्हणून रॅकबद्दल दोन शब्द. ही १९ इंची चौकट कॉम्प्युटरवाल्यांनी शोधलेली नाही. टेलिफोन आणि रेल्वे सिग्नलचे रिले बसवायला ती आली, म्हणून आम्ही तिला रिले रॅकच म्हणायचो. उंचीचा एकक 'यू', म्हणजे पावणेदोन इंच. तुमचा ३यू आहे, सव्वापाच इंच. स्ट्राउजर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अशा चौकटींच्या रांगा असायच्या आणि रात्रपाळीला तो खडखडाट ऐकत झोप यायची. घरी शांततेत येत नसे, हा भाग वेगळा.

फायदा एकच: एक कार्ड मेलं की ओढायचं, दुसरं खुपसायचं, बाकी काम चालू. (वीज बंद करून हो. आमच्या एका साहेबांनी चालू असताना ओढलं होतं, ती गोष्ट पुन्हा कधी.)

सूरपेटी
अवांतर विचारते. ३यू, उभी कार्डं... हे युरोरॅक सिंथेसायझर नाही ना? माझ्या भावाकडे असंच दिसणारं काहीतरी आहे, त्यातून भुंग्यासारखे आवाज येतात आणि पगार जातो.

सॉकेट_पुणे
सूरपेटीताई, नातं खरंच आहे. संगीतवाल्यांनी १९९० च्या दशकात हीच ३यू चौकट उचलली. माप एक, पण वीज आणि जोडण्या वेगळ्या. भावाला याच्यात काही खुपसू देऊ नका.

रेझिस्टरराव
काल घाईत एक ओळ लिहिली, आता सविस्तर.

पॉवर सप्लाय कुठला आहे ते आधी बघा. चाळीस वर्षांच्या यंत्रात बऱ्याचदा कोणीतरी मागाहून दुसरा बसवलेला असतो. उघडून बघितलात आणि आत पिवळसर पारदर्शक खोक्यासारखा कपॅसिटर दिसला, अंगावर बारीक चिरा असलेला, तर तो आधी उपटा. आत कागद असतो. चिरांमधून वर्षानुवर्षं ओल शिरते आणि वीज लागली की कधी पाच मिनिटांत तर कधी तासाभराने धूर. बीबीसी मायक्रो या एकॉर्नच्याच पुढच्या कॉम्प्युटरच्या जुन्या सप्लायचं हे ठरलेलं दुखणं आहे.

मग सगळी कार्डं बाहेर. सप्लायला दिव्याचं ओझं द्या, मीटरवर ५ व्होल्ट नीट येतायत का बघा. मुख्य लाइनमध्ये सिरीज बल्ब ठेवा. बल्ब भकभकीत पेटला तर लगेच बंद. ५ व्होल्ट स्थिर दिसले की एकटं प्रोसेसर कार्ड, मग एकेक. २११४ हमखास दगा देतात, चारदोन जास्तीच्या मागवून ठेवा.

आणि त्या सातव्या कार्डाला हात लावू नका. त्याच्या रिलेंवर पूर्वी काय जोडलं होतं कोणास ठाऊक.

वऱ्हाडी_बाईट
कार्डाच्या कडा खोडरबराने पुसून घ्या ना भाऊ. आमच्या शाळेतल्या मशीनीचे सगळे रोग खोडरबरानेच जायचे.

रेझिस्टरराव
खोडरबर सोनेरी कडा असलेल्या कार्डांना. याच्या मागे ६४ पिनांचे कनेक्टर आहेत, त्यात रबराचा भुगा गेला तर बसा सुईने टोकरत. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि दोन-तीनदा आत-बाहेर करा.

वऱ्हाडी_बाईट
घ्या. एक विद्या होती माझ्याजवळ, ते बी गेली.

शाळकरी
शाळेचा विषय निघाला म्हणून लिहितो. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने 'क्लास' प्रकल्प आणला, शाळांतून कॉम्प्युटर साक्षरता. पहिल्या खेपेला अडीचशे शाळा, आणि यंत्रं कोणती? एकॉर्नचेच बीबीसी मायक्रो. आमची शाळा त्यात होती. खोलीबाहेर चपला काढायच्या, पाय पुसायचे, आत जायचं. एका कीबोर्डवर चौघं. आठवड्यात अर्धा तास, त्यात माझ्या वाट्याला सात मिनिटं. सर म्हणायचे, "जोरात दाबू नका, इंग्लंडहून आलंय." चालू केलं की आधी जाड, मग बारीक, असा दोन सुरांचा आवाज यायचा. तो आजही कुठे ऐकला तर पाय आपोआप चपलेतून बाहेर येतात.

मी पहिला प्रोग्रॅम लिहिला तो वर्गातल्या एकाचं नाव अखंड छापत राहणारा. सरांना बंद करता आला नाही. त्यांनी बटणच काढलं.

माजघर
@शाळकरी, चपला आमच्याकडेही! वर कॉम्प्युटरला कापडाची झूल असायची, आणि ती धुवायला मुली घरी न्यायच्या. मुलगे का नाही, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

सॉकेट_पुणे
आणि हे सगळं मूळ विषयाला जोडलेलंच आहे बरं का. बीबीसी मायक्रोच्या मोड ७ मध्ये जी मोठी रंगीत अक्षरं दिसायची, ती हाच एसएए ५०५० काढायचा. ४० अक्षरांच्या २५ ओळी, एक किलोबाइटमध्ये अख्खा पडदा. फ्लॉपीचा ८२७१ सुद्धा तोच. म्हणजे शाळकरींनी सात मिनिटं ज्याला हात लावला त्याची निम्मी हाडं खटपट्यांच्या रॅकमध्ये आहेत.

सात_बारा
सहा आकडी पगार घेणारी माणसं पत्र्याच्या चौकटीवर एवढं बोलतात. असो. विकायचा असेल तर किती?

पुस्तकी_किडा
पैशाचा विषय निघाला की धागा मरतो. संग्रहालयाला द्या म्हणतो मी. केंब्रिजमध्येच कॉम्प्युटर इतिहासाचं संग्रहालय आहे. घराच्या गॅरेजमध्ये हे गंजणार.

निवृत्त_रिले
किडासाहेब, आदरपूर्वक असहमत. संग्रहालयात गेलेली निम्मी यंत्रं काचेमागे मुकी बसलेली असतात. रिले वाजला पाहिजे.

खटपट्या
ताजी खबर, आणि कबुलीही.

सप्लाय खरंच मागाहून बसवलेला निघाला, आणि आत तो पिवळा कपॅसिटर होता. चिरा मला दिसल्या नाहीत. (चष्मा वर होता.) सिरीज बल्ब लावला, कार्डं बाहेर काढली, सगळं शहाण्यासारखं केलं. ५ व्होल्ट सुंदर आले. चहा करायला आत गेलो. वरच्या मजल्यावरून बायकोचा आवाज: "सुकट भाजतोयस का रे?"

कपॅसिटर गेला. बाकी काही नाही. गॅरेजचं दार दोन दिवस उघडं आहे आणि शेजाऱ्याने मांजराची चौकशी केली.

रेझिस्टरराव
सांगितलं होतं.

गावरान_चिप
सुकट :)) मेलो.

खटपट्या
चार दिवसांनी. नवा कपॅसिटर घातला, सोल्डरचे दोन जुने डाग ताजे केले. प्रोसेसर आणि पडद्याचं कार्ड एवढंच लावलं तर पडद्यावर रंगीत कचरा. पण कचरा स्थिर! त्या कार्डावरची एक २११४ बदलली. अजून कचरा. दुसरी बदलली, आणि रेझिस्टररावांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं: काळ्या पडद्यावर स्वच्छ अक्षरं आणि लुकलुकणारा कर्सर. बेसिक चालतंय. दोन अधिक दोन चार येतात.

आता सातव्या कार्डाचं काय करू? लावू का?

सॉकेट_पुणे
लावण्याआधी त्याचा ईप्रॉम वाचून घ्या. खिडकीवरची चिकटपट्टी सुकून पडली असेल तर आधी नवी लावा, उजेडाने मजकूर पुसत जातो. कोणता आहे? २७१६ असेल तर नीट बघा: इंटेलचा असेल तर एकटे ५ व्होल्ट पुरतात, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा त्याच नंबरचा असेल तर त्याला तीन वेगवेगळी व्होल्टेज लागतात. चुकीच्या प्रोग्रॅमरमध्ये घातलात तर गेला.

खटपट्या
इंटेलचाच आहे. उद्या वाचतो.

पुस्तकी_किडा
माझी पैज: शाळेच्या प्रयोगशाळेतला प्रयोग. लोलक किंवा तसलंच काही. म्हणजे लॅबचं यंत्र. म्हणजे मी बरोबर.

शाळकरी
माझी पैज: रेल्वेचं मॉडेल. आठ रिले, आठ सांधे. इंग्रज माणूस आणि गॅरेज, दुसरं काय असणार?

निवृत्त_रिले
रिले केवढे आहेत? संपर्क जाड असतील तर २३० व्होल्टचं काहीतरी चालू-बंद करत असणार. आगगाडीला एवढे जाड लागत नाहीत.

खटपट्या
निवृत्त काका, जाड आहेत. काळे पडलेत.

ईप्रॉम वाचला. दोन किलोबाइट. बराचसा मशीन कोड, तो कोणी उलगडणार असेल तर फाइल देतो. पण मध्ये सलग शब्द आहेत. सगळे इंग्रजीत, उच्चार लिहितो: "व्हेंट ओपन", "व्हेंट शट", "हीट ऑन", "फ्रॉस्ट", आणि एका ठिकाणी "गुड मॉर्निंग".

माजघर
फ्रॉस्ट म्हणजे दव गोठतं ते. झरोका उघडा, झरोका बंद, उष्णता चालू... अहो, काचघर आहे हे! रोपांचं! आमच्या तळेगावच्या गुलाबवाल्यांकडे आता असतं तसं.

वऱ्हाडी_बाईट
ताईने बाजी मारली ना बापा. आम्ही सगळे चिपा मोजत बसलो.

सॉकेट_पुणे
हे कळल्यावर अंगावर काटा आला. कारण मुळात सिस्टीम १ ची वंशावळच तिथून निघते. सोफी विल्सन केंब्रिजमध्ये विद्यार्थिदशेत असताना सुट्टीतल्या कामात ६५०२ वर एक यंत्र बेतलं होतं, ते गायींना किती चारा द्यायचा ते ठरवायचं. त्याच विल्सननी पुढे एकॉर्नचं पहिलं यंत्र आणि बीबीसी बेसिक केलं, आणि स्टीव्ह फर्बरांसोबत एआरएम प्रोसेसर, जो आज तुमच्या-आमच्या मोबाइलमध्ये आहे. गोठ्यातून निघालेलं यंत्र काचघरात निवृत्त झालं.

गावरान_चिप
म्हंजे शेतकऱ्याचंच हाय की. उगं लॅब लॅब करत हुता किडा.

पुस्तकी_किडा
शेतीचं यंत्र झालं मग. घरगुती अजूनही नाही :)

खटपट्या
त्या बाईंना पत्र टाकलं होतं. काल उत्तर आलं. परवानगी घेऊन सार सांगतो.

वडिलांचं काचघर गॅरेजला लागूनच होतं. भिंतीला भोक पाडून तारा नेल्या होत्या. टी म्हणजे टोमॅटो. टी-१ पहिला प्रयत्न, तो थंडीत एका रात्री हिटर चालू न करता बसला आणि सगळी रोपं गेली. टी-२ त्यानंतरचा. सकाळी सहाला पडद्यावर "गुड मॉर्निंग" आणि रात्रीचं सगळ्यात कमी तापमान दिसायचं. वडील चहाचा कप घेऊन आधी ते बघायचे, मग पेपर. दिवाळीसारखे आपले सण असतात तसा त्यांच्याकडे ख्रिसमस, त्या दिवशीही. बाईंना आणि त्यांच्या भावाला त्यावर खेळायला सक्त मनाई होती, कारण एकदा भावाने बेसिकमध्ये काहीतरी लिहिलं आणि झरोके रात्रभर उघडे राहिले. त्यांच्या आईने या यंत्रामुळे गॅरेजमध्ये गाडी कधी ठेवू दिली नाही, गारठ्यात ओल धरेल म्हणून. गाडी बाहेर भिजायची.

किडाभाऊ, आता बोला.

पुस्तकी_किडा
गाडी बाहेर आणि कॉम्प्युटर आत? बरं. मानलं. घरगुती. पण लोलकाची पैज हरलो असं कुठे म्हटलं होतं मी...

रेझिस्टरराव
हरलात.

सात_बारा
मी मागे तिरकं बोललो, ते मागे घेतो. विकू नका.

निवृत्त_रिले
खटपट्या, काळे पडलेले संपर्क घासू नका. पॉलिश पेपर अजिबात नको, वरचा मुलामा जातो. कोरा कागद क्लीनरमध्ये भिजवून संपर्कांच्या मध्ये धरा, हळूच दाबा आणि ओढा. पाच-सहा वेळा. आम्ही एक्स्चेंजमध्ये हेच करायचो. आणि २३० व्होल्ट त्या कार्डावर पुन्हा नेऊ नका, आता सुरक्षित मार्ग आहेत. कमी व्होल्टचा छोटा पंखा फिरवा हौस म्हणून.

खटपट्या
काका, तसंच केलं. सात रिले टकटक वाजतायत, बायको वरून मोजते. तिसरा चिकटतो. कॉइल १२ व्होल्टची, पाच पायांचा, जुन्या मापाचा. कोणाच्या डब्यात पडला असेल तर कळवा, टपालखर्च माझा. टोमॅटोची रोपं खिडकीत चार पानांवर आलीत. काचघर नाही, पण प्लास्टिकचा तंबू मागवलाय.

माजघर
आणि खुर्च्या?

खटपट्या
तंबूसोबत मागवल्यात.

निवृत्त_रिले
१२ व्होल्ट पाच पाय? माझ्याकडे दोन आहेत. पत्ता व्यनि करा.